पुळण महसूलची, दिवा ग्रामपंचायतीचा. मग कासवाची जबाबदारी कोणाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या पुळणीवर दर हंगामात ऑलिव्ह रिडले कासवांची पाच-सात घरटी सापडतात. यंदा त्याच पट्ट्यात धूपप्रतिबंधक बंधारा, त्याच्या मागे पर्यटकांसाठी फरसबंदी आणि हायमास्ट (उंच खांबावरचे) दिवे मंजूर झाले आहेत. वनरक्षक म्हणतो, पुळण आमच्या हद्दीत नाही. ग्रामपंचायत म्हणते, काम वरून आलंय. कामावरचा अभियंता म्हणतो, कासवांचं वनखात्याला विचारा. मग कायद्याने जबाबदारी कोणाची, आणि ती कोणी टाळली तर गावकऱ्यांनी काय करायचं?

मी बत्तीस वर्षं वन विभागात नोकरी केली. त्यातला निम्म्याहून जास्त काळ रत्नागिरी आणि रायगडच्या किनारी तालुक्यांत गेला, आधी वनपाल आणि नंतर परिक्षेत्र वन अधिकारी म्हणून. आता निवृत्तीनंतर गावांना अशा प्रकरणांत अर्ज आणि नोटिसा लिहायला मदत करतो. म्हणून उत्तर जरा लांबेल, पण कामाचं तेवढं सगळं सांगतो.

जबाबदारी त्या तिघांचीही आहे. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांची आहे, मत्स्यव्यवसाय विभागाची आहे, पोलिसांची आहे. अडचण एवढीच की ही जबाबदारी एका कायद्याच्या एका कलमात नाही. ती चार-पाच कायद्यांत विखुरलेली आहे आणि त्यामुळे प्रत्येक खात्याला आपल्या वाट्याचा तुकडा न पाहिल्यासारखं करणं जमतं.

वनरक्षकापासून सुरू करू. त्याचं म्हणणं जमिनीपुरतं खरं असू शकतं. सुरूबन वन विभागाचं आणि खालची पुळण महसूलची, अशी वाटणी कोकणात खूप ठिकाणी आहे. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जमीन कोणाची ते विचारत नाही, प्राणी कोणता ते विचारतो. आपल्या समुद्रातली पाचही जातींची कासवं या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली, तरी कासवांची जागा वरच्याच यादीत राहिली. पहिल्या अनुसूचीतला प्राणी वनजमिनीवर असो, महसूलच्या वाळूत असो की कोणाच्या खासगी माडाच्या बागेत, संरक्षण तेच. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर झाड तोडण्याच्या प्रकरणात चालेल, कासवाच्या प्रकरणात चालत नाही.

आता त्या कायद्यातली एक व्याख्या नीट वाचा. कलम २ च्या १६ व्या खंडात ‘शिकार’ म्हणजे काय ते दिलंय. बंदूक, फासा, विष एवढ्यावर ती व्याख्या थांबत नाही. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हीसुद्धा शिकारच धरलेली आहे. कासव सरपटणाऱ्या प्राण्यांत येतं. कलम ९ शिकारीला मनाई करतं आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी कलम ५१ खाली शिक्षा किमान तीन वर्षं ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. या कलमात खाजगी माणूस आणि सरकारी ठेकेदार असा फरक नाही.

तुम्ही घरटं उघडताना पाहिलं असेल तर तुम्हाला कळेल की ही व्याख्या अशी का केली आहे. मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर, बऱ्याचदा मर्यादावेलीच्या कडेला, मागच्या वल्ह्यांनी वाळू काढत दीडेक फूट खोल खड्डा करते. वर तोंड अरुंद, आत माठासारखा फुगीर. त्यात शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, हाताला लागतं ते मऊ चामड्यासारखं कवच. मग वाळू ओढून अंगाने थोपटून जागा सपाट करते आणि परत जाते. सकाळी दिसतो तो फक्त येण्याजाण्याचा माग. दुपारच्या वाऱ्याने तोही पुसतो. त्यानंतर पन्नासेक दिवस त्या वाळूत काही आहे हे वरून कोणालाही कळत नाही. पोकलेन तिथून एकदा गेलं की घरटं होतं याचाही पुरावा उरत नाही.

आणि अशा प्रकरणात न्यायालयात पहिला बचाव ठरलेला असतो: आम्हाला माहीतच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळं फिरणार आहे.

वन विभागाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. मेलेलं सापडलेलं कासव कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता असतं. म्हणून ते पुरायच्या आधी पंचनामा व्हायला हवा: टेपने पाठीच्या कवचाची लांबी-रुंदी, नर की मादी, मानेवर किंवा वल्ह्यांवर जाळ्याचे वळ आहेत का, कवचावर पंख्याची पाती लागल्याच्या सरळ समांतर खाचा आहेत का, फोटो, दोन पंच. मी नवा होतो तेव्हा आम्ही ‘मृत कासव, पुरले’ अशा तीन शब्दांत नोंद उरकत असू. नंतर कोणत्या पट्ट्यात कासवं जाळ्यात मरतायत हे शोधायची वेळ आली तेव्हा आमच्याच वहीत काही सापडेना. दुसरं, अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे पिल्लं बाहेर येईपर्यंत अंडी राखायच्या कुंपणात, हलवणं हेही परवानगीशिवाय करता येत नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि ती वन विभागामार्फतच येते. चांगल्या मनाने का होईना, परस्पर अंडी हलवू नका. उद्या समोरचा पक्ष तेच तुमच्यावर उलटवेल.

वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं तेव्हा कुत्री, कोल्हे आणि माणसं या तिघांपासून अंडी वाचवायची होती. ते काम गावाने उचललं, पुढे वन विभाग त्यात आला, आणि आज आंजर्ले, गुहागर, गावखडीपासून सिंधुदुर्गातल्या वायंगणी, तांबळडेगपर्यंत कासवमित्र राबतात. पण आता धोका बदललाय. अंडी चोरणारा माणूस कोकणात आता विरळा. आता घरटं जातं ते मंजूर निविदेतल्या कामाखाली. निविदा काढणाऱ्या खात्याच्या नावात वन्यजीव हा शब्दच नसतो, म्हणून त्याला वाटतं हा विषय आपला नाही.

इथे एक तुलना करतो, कारण आपल्या कायद्यात काय कमी आहे ते त्यातून कळतं. अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात सातवं कलम आहे. तिथल्या प्रत्येक केंद्रीय खात्याने, मग ते धरण बांधणारं असो की रस्ता, आपल्या कामाने एखादी यादीतली प्रजाती धोक्यात येणार नाही याची खात्री वन्यजीव खात्याशी सल्लामसलत करून आधी करून घ्यायची असते. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्नेल डार्टर नावाच्या बोटभर माशासाठी जवळपास पूर्ण झालेलं टेलिको धरण याच कलमावर थांबवलं. पुढच्या वर्षी तिथल्या संसदेने त्या धरणाला सूट देणारा कायदा केला आणि धरण झालं, हेही खरं. पण सूट द्यायला संसदेला उघड मतदान करावं लागलं. आपल्या वन्यजीव कायद्यात अभयारण्याबाहेरच्या कामांसाठी ‘सगळ्या खात्यांनी आधी विचारा’ असं सरसकट बंधन नाही. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान यांच्या आत आहे. कोकणात समुद्राचा असा पट्टा म्हणजे मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ चं, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. बाकी सगळा किनारा त्याच्या बाहेर.

मग आपल्याकडे बांधकाम खात्याला बांधतं कोण? किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना, जिला सगळे सीआरझेड म्हणतात.

ही अधिसूचना १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघते. सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. तिच्यात किनाऱ्याचे वर्ग पाडलेत आणि सगळ्यात वरचा वर्ग सीआरझेड-१अ. त्यात काय काय येतं ते नावानिशी लिहिलंय: कांदळवन, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, चिखलाचे पट्टे, पक्ष्यांच्या विणीच्या जागा, आणि कासवांच्या विणीच्या जागा. म्हणजे तुमच्या पुळणीवर कासवं अंडी घालतात ही नुसती कौतुकाची गोष्ट नाही, त्या जमिनीचा कायदेशीर दर्जा त्यावर ठरतो. शिवाय या अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांची यादी आहे आणि तिच्यात महाराष्ट्रातून मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे आहेत.

बंधाऱ्याबद्दल इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. धूप थांबवण्याच्या कामांना अधिसूचनेत सरसकट बंदी नाही. ज्यांची घरं उधाणात जायला आलीत त्यांना बंधारा हवाच असतो आणि त्यांचं चुकत नाही. पण त्यासाठी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव जायला हवा, आणि त्या प्रस्तावात इथे कासवांची वीण होते हे लिहिलेलं असायला हवं. फरसबंदी आणि हायमास्ट हे धूप थांबवण्याचं काम नाही. ते बंधाऱ्याच्या फायलीत लपून पुढे जातं. म्हणून पहिला कागद मागायचा तो हा: माहिती अधिकारात प्राधिकरणाची परवानगी, तिच्यातल्या अटी आणि प्रस्तावासोबत जोडलेला नकाशा. बहुतेक वेळा नकाशावर घरट्यांची जागाच दाखवलेली नसते. अभियंत्याने नकाशा बघितला, त्यावर काही नव्हतं, त्याने काम काढलं. त्याच्या बाजूने तो साळसूद असतो.

हे मी ठामपणे सांगतो कारण एक प्रकरण मला अजून झोपू देत नाही. गावाचं नाव घेत नाही. पर्यटनाच्या निधीतून पुळणीच्या डोक्यावर हायमास्ट उभा राहिला. त्या हंगामात एक घरटं आमच्या नजरेतून सुटलं होतं, हॅचरीत न आणलेलं. पहाटे साडेपाचला मी आणि एक वनरक्षक फेरी मारत होतो. वाळूवर पिल्लांचे माग दिसले, मशीनवर शिवण घातल्यासारखे बारीक दुहेरी टाके. पिल्लं रात्री बाहेर पडली की उजेडाकडे जातात. काळोख्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतं ते समुद्राचं क्षितिज, म्हणून ती समुद्र गाठतात. हे सगळे टाके समुद्राकडे पाठ करून वर चालले होते. सुरूच्या वाळक्या पानांतून, गटाराच्या काठाने, थेट खांबाच्या काँक्रीटच्या चौथऱ्यापर्यंत. चौथऱ्याभोवती पिल्लं पडली होती, काही उलटी. मुंग्या लागल्या होत्या. आम्ही ४१ मोजली. त्यातली सहा हलत होती, ती पाण्यात सोडली.

मी चिडून ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, साहेब, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. दिवा बसवणाऱ्या खात्यानेही तेच सांगितलं. मी ऑफिसात येऊन जावक रजिस्टर काढलं. गेल्या सहा वर्षांत त्या गावातल्या घरट्यांबद्दल आम्ही वरिष्ठांना दरवर्षी अहवाल पाठवला होता. ग्रामपंचायतीला, बांधकाम खात्याला, तहसीलदारांना एकही पत्र गेलेलं नव्हतं. माहिती सगळी आमच्याकडे होती आणि दिवा लावणाऱ्याला ती नव्हती. त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. पहिलं घरटं सापडलं की त्याच आठवड्यात पाच ठिकाणी पत्र, आणि पाचही प्रतींवर आवक शिक्का.

त्या शिक्क्याचं कायद्यातलं वजन किती आहे ते सांगतो. पर्यावरण संरक्षण कायद्यात सरकारी खात्याकडून उल्लंघन झालं तर काय, यासाठी कलम १७ आहे. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने त्यात बदल झाला. आता खात्याच्या उल्लंघनाबद्दल खातेप्रमुखाला त्याच्या एका महिन्याच्या मूळ पगाराएवढा दंड होऊ शकतो. त्याच कलमात सुटकेची वाटही आहे: हे माझ्या नकळत झालं किंवा मी योग्य ती सगळी काळजी घेतली होती, असं त्याने सिद्ध केलं तर तो सुटतो. तुमच्या पत्रावर त्याच्या कार्यालयाचा तारखेसह शिक्का असेल तर ‘नकळत’ हा शब्द त्याला वापरता येत नाही. एक महिन्याचा पगार ही शिक्षा किरकोळ वाटेल, मलाही वाटते. याच बदलाने कलम १५ मधली कैदेची शिक्षा काढून त्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला, आणि त्याने किनाऱ्याचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. पण सरकारी माणूस रकमेपेक्षा आपल्या सेवापुस्तकातल्या नोंदीला जास्त घाबरतो, हे बत्तीस वर्षं जवळून पाहिलंय.

जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना ‘निवेदन’ देऊन फोटो काढून परत येऊ नका. सीआरझेड अधिसूचनेत जिल्हास्तरीय समिती सांगितलेली आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, आणि तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांचे, मच्छीमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या जिल्ह्यातल्या समितीत हे तीन कोण आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. नुसत्या त्या प्रश्नाने बैठक लागल्याचं मी पाहिलंय. पुळणीवर गाड्या घालणाऱ्या पर्यटकांचा त्रास असेल तर जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ च्या जागी आलेल्या कलमाखाली, ठरावीक काळापुरता मनाई आदेश काढू शकतात. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० खाली उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला झडती, जप्ती, अटक हे अधिकार आहेत. म्हणजे वनरक्षक यायला दोन तास लागणार असतील तर पोलीस ठाण्यात ‘हा आमचा विषय नाही’ हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइनही वापरा, पण फोनवर थांबू नका, मागाहून लेखी द्या.

समुद्रातली बाजू वेगळी आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि तिच्यावर १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. अंमलबजावणी मत्स्यव्यवसाय विभागाची. एलईडी दिव्यांची मासेमारी, हद्दीत शिरलेल्या पर्ससीन जाळ्यांच्या आणि ट्रॉलर होड्या, १ जून ते ३१ जुलैची बंदी हे सगळं त्यांच्याकडे. विणीसाठी किनाऱ्याजवळ आलेली मादी ज्या जाळ्यात गुदमरते ते जाळं त्या वेळी तिथे असायलाच नको, एवढं जरी झालं तरी मोठं काम होतं. पण या बाबतीत मच्छीमाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून काही मिळत नाही. डिसेंबर २०१८ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून भरपाई देतात. जाळ्यात कासव, व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, त्याचे फोटो किंवा व्हिडिओ असले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. तुमच्या गावातल्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांना, ही योजना माहीत आहे का ते आधी बघा. एका बंदरावर मी विचारलं तेव्हा वीस जणांत दोघांना माहीत होती. त्यातल्या एकाने सांगितलं की कासव तो योजना नव्हती तेव्हाही सोडायचा, फक्त ‘नवसाचं जाळं फाटलं’ म्हणून घरी गप्प बसायचा.

कासवाला राज्याच्या सीमा नसतात हेही अभियंत्याला सांगा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. वन्य प्राण्यांचं संरक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचंही. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये समुद्री कासवांसाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणि किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या जलचरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं तेव्हा वन विभाग, पोलीस, तटरक्षक दल आणि गावकरी असे सगळे एका दोराला लागले होते. पिल्लू समुद्रात नेलं गेलं, पण शेवटी वाचलं नाही. तरी कोणी हद्द विचारत बसलं नाही. प्राणी डोळ्यांसमोर तडफडत असला की खात्यांच्या भिंती पडतात. वाळूखालची अंडी दिसत नाहीत, एवढाच फरक.

कासवांबाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ‘वन्यजीव म्हणजे वनखातं’ हा समज त्याने कायमचा जातो. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची वसाहत आहे. गिधाडाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण होतं, त्याची शिकार कोणी करत नव्हतं, तरी देशभर ती लाखोंनी मेली. कारण होतं गुरांना टोचायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या गुरातून ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंड निकामी करायचं. वन विभागाने कितीही गस्त घातली असती तरी एक गिधाड वाचलं नसतं. ते औषध गुरांसाठी बंद केलं २००६ साली औषध नियंत्रकांनी, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक हीही गुरांसाठी बंद झाली. म्हणजे गिधाड वाचवायची चावी औषधाच्या दुकानावर देखरेख करणाऱ्या खात्याकडे होती. तुमच्या कासवाची चावी तशीच हायमास्टच्या बटणापाशी आहे.

ग्रामपंचायतीचं ‘काम वरून आलंय’ हे उत्तरही पुरं पडत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ती नोंदवही एकदा कोणीतरी करून दिलेली, कपाटात पडलेली असते. ती बाहेर काढा. गेल्या पाच-सहा हंगामांतली घरटी तारखेसह, जीपीएस बिंदूंसह तिच्यात चढवा, ग्रामसभेत ठराव करा की या पट्ट्यात नोव्हेंबर ते मे समुद्राकडे तोंड असलेला दिवा रात्री लागणार नाही. दिव्याचं वीजबिल बहुतेक वेळा ग्रामपंचायतच भरते, म्हणजे बटणही तिच्याच हातात आहे. दिवा हवाच असेल तर खाली तोंड केलेला, झाकण असलेला, बुटका आणि पिवळसर-लालसर उजेडाचा लावता येतो. याच कायद्याने दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली मायरिस्टिकाची (रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची) देवराई, अवघी अडीच हेक्टरच्या आसपास, जैवविविधता वारसा स्थळ झाली. एवढ्याशा जागेला दर्जा मिळू शकतो, तर पुळणीच्या तुकड्याचा प्रस्ताव द्यायला काय हरकत आहे?

एवढं करूनही काम रेटलंच तर न्यायालय. इथे दोन खाचखळगे आहेत, त्यात भलेभले वकील अडकलेले पाहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे, जवळ पडतं. पण त्याच्या कायद्याच्या यादीत पर्यावरण संरक्षण कायदा आहे, जैवविविधता कायदा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा नाही. म्हणून तिथे ‘कासवांची शिकार’ असा अर्ज घेऊन गेलात तर दारातच अडकाल. तोच विषय सीआरझेड-१अ चं उल्लंघन म्हणून मांडा. दुसरा खळगा मुदतीचा: वाद निर्माण झाल्यापासून सहा महिने, फार तर वर साठ दिवस. निवेदनं देत, आश्वासनं ऐकत दोन हंगाम घालवले की दार बंद. वन्यजीव कायद्याखाली फौजदारी न्यायालयात जायचं असेल तर तक्रार वन अधिकाऱ्यानेच करायची असते. तो करत नसेल तर कलम ५५ नुसार तुम्ही साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः तक्रार करू शकता. ही नोटीस गेली की झोपलेली फाइल हलते, असा माझा अनुभव आहे.

आणि उच्च न्यायालय आहेच. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात, रायगडची मुंबईला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ ला कांदळवनांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे आणि त्याचं रक्षण करणं हे राज्य आणि त्याच्या यंत्रणांचं सक्तीचं कर्तव्य आहे, कारण सरकार या संपत्तीचं विश्वस्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गीरच्या सिंहांच्या निकालात माणसाच्या सोयीपेक्षा प्रजातीचं हित हा निकष लावला. तुमच्या पुळणीचं नाव या निकालांत नाही, पण ‘यंत्रणा’ या शब्दात बंधारा बांधणारं खातंही येतं आणि दिवा लावणारी ग्रामपंचायतही.

आता उद्या काय करायचं ते. पत्र एकच लिहा, पानभराचं. गटनंबर, पट्ट्याची दोन्ही टोकं, पाच वर्षांतल्या घरट्यांचा तक्ता, तुमच्या हॅचरीच्या परवानगीचा क्रमांक, प्रस्तावित कामाचं नाव. मागणी तीनच: प्राधिकरणाची परवानगी दाखवा, नसेल तर काम थांबवा, असेल तर विणीच्या हंगामाबाहेर करा आणि दिवे वगळा. ‘कार्यवाही व्हावी ही विनंती’ असं लिहू नका, कलम लिहा आणि तारीख द्या. प्रती: बंधारा बांधणाऱ्या खात्याचे कार्यकारी अभियंता, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, वन विभाग आणि कांदळवन कक्ष, ग्रामपंचायत, आणि मुंबईला किनारा क्षेत्र प्राधिकरण. ठेकेदारालाही एक प्रत हातात द्या आणि त्याची सही घ्या. त्याला कलम ५१ समजावून सांगा, शांतपणे, चहा पाजून. बहुतेक ठेकेदार कोकणातलेच असतात आणि तीन वर्षांची कैद हे शब्द ऐकल्यावर पोकलेन कुठे लावायचं याचा ते स्वतःच विचार करतात.

हे पत्र दिवाळीच्या आधी गेलं पाहिजे. पावसाळा संपून वाळू सावरली की ठेकेदार कामाला लागतात आणि पहिली मादीही त्याच सुमाराला येते. आणि पहिलं घरटं सापडेल त्या सकाळी माग पुसायच्या आत फोटो काढा, त्यात बंधाऱ्यासाठी टाकलेले दगड किंवा दिव्याचा खांब येईल असा. फोटोचा कागद त्याच पत्राला जोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा शिक्का मारून आणा.